पट्टूच्या मागं

तरस आणि कुत्रा यांचा संकर होतच नाही, असं दौलतराव कॅन्टीनमध्ये भजी खाता खाता म्हणाले आणि माझ्या हातातली बशी कलंडली. चहा टेबलावरून ओघळत त्यांच्या पांढऱ्या कोटापर्यंत गेला. दौलतराव प्रयोगशाळेत आहेत, बी.एस्सी. आहेत आणि कुणी विचारलं नसतानाही माहिती देतात. एरवी मी त्यांचं फारसं मनावर घेत नाही. चाकणकडच्या कुठल्याशा वाडीत तरसाने शेळी ओढून नेली, यावरून विषय निघाला होता. मी आपलं सहज विचारल्यासारखं विचारलं की तरसाची पिल्लं कुत्रीच्या पोटी येतात म्हणतात, ते कसं असतं. "छे हो दत्तोबा," ते म्हणाले, "तरस कुत्र्यासारखा दिसतो एवढंच. गोतावळा बघायला गेलात तर तो मांजराकडचा. सात जन्मांत जमायचं नाही त्यांचं." मग कोट पुसत त्यांनी विचारलं, "का? कुणाकडे झालीत की काय पिल्लं?" सगळे हसले. मीही हसलो. पण नंतर शिफ्ट संपेपर्यंत मी एका बॅचची लेबलं दुसऱ्या बॅचच्या बाटल्यांना लावत राहिलो. सुपरवायझरने दोन खोकी परत पाठवली. असं माझ्याकडून चार वर्षांत झालं नव्हतं. आमच्या औषधाच्या कारखान्यात प्रत्येक बाटलीवर नंबर असतो. बाटली आसामात गेली तरी ती कोणत्या दिवशी कोणत्या टाकीतून निघाली ते सांगता येतं. आमच्या कुत्र्याच्या, पट्टूच्या, अंगावर नुसते पट्टे होते.

पट्टूला मी नेऊन सोडलं त्याला त्या दिवशी सहा आठवडे झाले होते. नेऊन सोडलं, असं मी स्वतःशी म्हणतो. कॉलनीत मी 'हरवला' असं सांगितलं आहे. हरवलेल्या कुत्र्याबद्दल लोक फार आपुलकीने बोलतात आणि बोलता बोलता तो कुणाचा असेल यावर येतात. आमच्या शेजारच्या अंबूबाई परभणीकडच्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, ते साहेबाचं बीज होतं बघा. देहूरोडच्या डेपोतले गोरे गेले, कुत्रे मागे राहिले. हे कसं, खाताना कुणाकडं बघतच नव्हतं." गेटवरचे रंगराव पलटणीतून आलेले, त्यांच्या मते असं काही नाही, पट्टू माणसांच्या भोवती गोल फिरून त्यांना एकत्र आणायचा, म्हणजे रक्त मेंढपाळाकडचं. निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंधी कापडवाल्याने तर तो आपल्यासारखाच कराचीहून आलेल्या गाडीतून उतरला असेल असं सांगितलं, आणि मग उलगडलेल्या ताग्याच्या घड्या घालू लागला. मी सगळ्यांचं ऐकून घेत असे. मान डोलवत असे. एकाने तरी तरसाचं नाव काढावं म्हणून मी त्याच्या पट्ट्यांचं वर्णन पुन्हा करी, खांदे कसे उंच होते ते सांगे, मागचा भाग कसा उतरता होता ते हाताने दाखवी. कुणी काढलं नाही. तो तरसाचा असणं मला फार जरूर होतं. तो तरसाचा असला तर मी एका बापाला शोभेल असं वागलो होतो. नुसता कुत्रा असला तर मी काय केलं होतं, ते उच्चारायला माझ्याजवळ शब्द नव्हता.

खरं तर त्याला आणला शालनने. आमचं लग्न होऊन वर्ष झालं होतं, आणि चिपळूणकडची हिरवळ सोडून आलेली ही बायको पिंपरीच्या त्या उघड्या माळावरच्या नव्याकोऱ्या क्वार्टरमध्ये दिवसभर काय करायची कुणास ठाऊक. स्टेशनकडून येताना पाइपांच्या ढिगात तिला तो दिसला. तपकिरी अंगावर काळे पट्टे, कान मोठे, आणि अंगात इतकी खरूज की मी त्याला उंबऱ्याच्या आत घेणार नाही म्हणून बजावलं. तिसऱ्या दिवशी मीच कारखान्यातल्या माणसाकडून गंधकाचं मलम आणलं. पट्टू नाव तिचंच. मला तो आवडायचा हे मी कबूल करतो. संध्याकाळी मी आरामखुर्चीत बसलो की तो हनुवटी माझ्या पावलावर ठेवायचा आणि पाऊल हळूहळू गरम होत जायचं, आणि मुंग्या आल्या तरी मी ते काढून घेत नसे. त्याचं एकच विचित्र होतं. बसलेला उठताना तो एक आवाज काढायचा. आधी बारीक, मग वर चढत गेलेला, आणि शेवटी तुटक तुटक. शालन म्हणायची, "म्हातारा झालाय लेकाचा." मी म्हणायचो, हसतोय. पुढे मला ते माझंच वाक्य आठवत राहिलं.

कोंडाजीबाबा कुरुळीचे. पंधरा दिवसांनी एकदा बैलगाडीत चाकणचा कांदा घालून कॉलनीत यायचे आणि आमच्याच पायरीवर पाणी प्यायला टेकायचे. जनावरांतलं त्यांना फार कळतं असं सगळे म्हणत. शालन तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि मला त्या दिवशी सुट्टी होती. पट्टू उठून त्यांच्याकडे गेला, तो आवाज काढत. म्हाताऱ्याने त्याला जवळ ओढलं, पाठीवरून अंगठा दाबत दाबत खाली नेला, आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागला. तोंडात तंबाखूचा तोबरा, दात दोन की तीन, आणि नेमका तेव्हाच तीनचा भोंगा सुरू झाला. भोंग्याच्या खालून मला ऐकू आलं ते इतकंच: "ह्येच्या मागं तरस हाय. घरात निजू दिऊ नगा." भोंगा संपेपर्यंत ते बैलांना हाकत होते. मागं तरस. मागं म्हणजे मागच्या कुठल्यातरी पिढीत, हे मला लगेच समजलं. काही समजायला मला वेळ लागत नाही. मी वळून पट्टूकडे पाहिलं. त्याचे पट्टे, उंच खांदे, घसरत गेलेली पाठ, मोठे कान. इतके दिवस ते सगळं सुटं सुटं माझ्यासमोर वावरत होतं. आता ते एकत्र आलं आणि माझ्याकडे बघू लागलं. मी दार लावून घेतलं आणि तो बाहेर, मी आत, असे आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत बसलो.

शालन तीन महिन्यांचं बाळ घेऊन परत आली तोवर तो शब्द माझ्याबरोबर एकट्याने राहून चांगला पोसला होता. आमच्या कोकणात तरसाबद्दल जे बोलतात ते सगळं मला आठवत होतं. ते लहान मूल उचलतं. आधी ते दोस्ती करतं. हसतं. मी तिला सांगितलं तेव्हा ती माझ्यावरच हसली, "तुम्हाला एकटं ठेवायला नको होतं," म्हणाली. पण शब्द घरात येऊन बसला की कुणी हसल्याने जात नाही. आठवडाभरात मी तिला पट्टूकडे टक लावून बघताना पकडलं. आणि पट्टूलाही नवीनच खोड लागली होती. पाळण्याखाली जाऊन तो उभा राहायचा. पाळणा हलला की पाळण्याचा तळ त्याच्या पाठीवरून जायचा, यायचा, जायचा, आणि तो डोळे मिटून, ओठ मागे ओढून, तो आवाज काढायचा, अगदी हळू. एका दुपारी मी घरी आलो तर शालन स्वयंपाकघराच्या दारात हातात लाटणं घेऊन उभी होती. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "काही नाही. पण अहो, पाळणा मी हलवत नाहीये." पाळणा हलत होता. पट्टू खाली उभा राहून पाठीने तो हलवत होता, आणि वर बाळ जागं होऊन स्वस्थ ऐकत होतं.

रविवारी सकाळी मी सायकल काढली. शालनने विचारलं नाही. तिने गूळ लावून दोन चपात्या कागदात बांधून दिल्या, तेवढ्यावरून तिला कळलं होतं हे मला कळलं. पट्टू सायकलमागे निघाला, फिरायला निघाल्यासारखा. मोशीपर्यंत तो बरोबर होता. इंद्रायणीच्या पुलावर मागे पडला. मी थांबलो, तो आला, बसला, उठताना हसला. त्यानंतर तो पळत नव्हता; पुढचे पाय टाकायचा आणि मागचा भाग त्यांच्यामागून ओढल्यासारखा यायचा. मी वळून वळून ती चाल बघत होतो आणि प्रत्येक वेळी मला धीर येत होता. कुत्रा असा चालत नाही, मी स्वतःला म्हणत होतो, पुस्तकातल्या चित्रात हेच आहे. कुरुळीच्या अलीकडे रस्ता सोडून मी माळावर शिरलो, निवडुंगापाशी कागद उलगडला, आणि तो खाली मान घालून खाऊ लागला. साहेबाच्या कुत्र्यासारखा, कुणाकडे न बघता. मी सायकलवर बसलो. बरंच पुढे आल्यावर मागे पाहिलं. तो धावत येत नव्हता. उन्हात ताठ बसून माझ्याकडे बघत होता. कुत्रा असता तर धावला असता, हे वाक्य मी पिंपरी येईपर्यंत पायडलच्या तालावर म्हणत आलो.

त्यानंतर दुपारी विचित्र व्हायला लागलं. पहिली शिफ्ट तीनला सुटते. कारखाना आणि कॉलनी यांच्यामध्ये तेव्हा नुसता माळ होता, दोन बाभळी आणि खडीचे ढीग. फाल्गुनाचं ऊन जमिनीवरून थरथरत वर चढायचं आणि त्या थरथरीत, ढिगाच्या कडेला, काहीतरी उभं असायचं. पुढून उंच, मागून खाली. मी थांबलो की तेही थांबायचं. जवळ गेलं की खडी असायची. हे कुणाला सांगायचं? एकदा रंगरावांनी गेटवर हटकलं, "दत्तोबा, पाय का ओढताय?" मी म्हटलं, चप्पल लागतेय. घरी येऊन बघितलं तर उजवी चप्पल टाचेशी झिजून कागद झाली होती आणि डावी नवी होती. पण ते काहीच नव्हे. बाळ आता आवाज करू लागलं होतं. सगळी मुलं हुंकार देतात, मला माहीत आहे. आमचं बाळ पाळण्यात कूस बदलताना आधी बारीक, मग वर चढत जाणारा, शेवटी तुटक तुटक आवाज काढायचं. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आणि शालन एकमेकांकडे न बघता उठलो, मी बाहेर गेलो, ती आत. दिवसाढवळ्यासुद्धा ती हल्ली दाराला कडी घालून बसायची. मी कडी वाजवली की आधी विचारायची, "कोण?" आणि मी नाव सांगितलं तरी क्षणभर थांबून मग उघडायची.

दौलतरावांनी सांगितलेलं मी तिला त्याच संध्याकाळी सांगितलं. न सांगता राहवेना. ती तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले. "मग तो काय होता?" ती म्हणाली. मी म्हटलं, दौलतरावांना काय कळतंय, त्यांनी तरस पुस्तकात पाहिला असेल. "तुम्ही कोंडाजीबाबांना विचारून या," ती म्हणाली. त्या दुपारनंतर ते कॉलनीत आलेच नव्हते, त्यांचा बैल पडला होता असं कळलं होतं. "रविवारी जा. नक्की काय ते विचारा. तरस होता की नाही, हो की नाही, एवढंच विचारा." तिचा आवाज इतका चढला की बाळ दचकलं. मला बरं वाटलं. मला वाटलं, हिलाही माझ्याइतकंच लागून राहिलंय, माझ्यासाठी.

कुरुळीत त्यांचं घर शोधायला त्रास पडला नाही. कोंडाजीबाबा गोठ्यापुढे उकिडवे बसून बैलाच्या खांद्याला हळद लावत होते. मला बघून तोंडभर हसले. "आवं, कालनीतलं सायेब न्हवं? या, बसा. कुत्रं बरं हाय का तुमचं? डाग दिला का कुनाकडनं?"

"कसला डाग?" मी म्हटलं.

"मी म्हनलो न्हवतो व्हय? तापल्या सळीचा डाग दिल्याबिगर त्ये उतरायचं न्हाई म्हनून. ल्हानपनी कवातरी गाडीखाली घावलं आसंल, खुबा सरकल्याला हुता त्येचा. मागं लई तरास हुता त्येच्या."

म्हातारा शांतपणे हळद लावत होता. बैलाची कातडी मधूनमधून थरथरत होती. मी म्हटलं, "तुम्ही तरस म्हणाला होतात."

"तरस?" ते वर बघू लागले. "त्ये कुटनं आनलं? तरास, बाबा, तरास. दुकतं न्हवं का मानसाला, त्यो तरास." कंबरेवर हात ठेवून, तोंड वेडंवाकडं करून त्यांनी दाखवलं. "उठताना कन्हत हुतं बिचारं."

"आणि घरात निजू देऊ नका म्हणालात."

"फरशीवर! घरात फरशीवर निजू दिऊ नगा म्हनलो. तुमच्या त्या सरकारी घरात शाबादी फरशी, गार दगुड त्यो, कंबार धरतो. पोतं टाका म्हनलो, राखंनं शेका म्हनलो, जरा चोळत जावा म्हनलो पाठ." ते थांबले. माझ्याकडे नीट बघत त्यांनी विचारलं, "हाय न्हवं?"

"नाही," मी म्हटलं.

"आरारा," कोंडाजीबाबा म्हणाले. "पर सुटलं म्हना. गुनाचं हुतं. गावठीच, आपल्या हितल्याच कुत्र्याचं. आसल्या पट्ट्याची धा कुत्री हायती आमच्या कुरुळीत." आणि खरंच, गोठ्याच्या सावलीत तसलंच एक पट्ट्यापट्ट्यांचं कुत्रं पाय पसरून झोपलेलं होतं, आणि ते उठलं तेव्हा काही आवाज न करता उठलं, अंग झाडलं आणि सरळ पाठीने चालत निघून गेलं.

परतीच्या वाटेवर मी सायकलवर बसलो नाही. हातात धरून चालत आलो. शोधायला मी माळावर शिरलो नाही, मला तेवढीही हिंमत नव्हती. डोळ्यांपुढे पाळणा येत होता. बाळाच्या वजनाने जड झालेला, लाकडी तळाचा पाळणा, आणि त्याखाली नेमकी दुखरी जागा धरून उभा राहिलेला, स्वतःच्या हाताने जे करता येत नाही ते पाळण्याकडून करून घेणारा पट्टू. त्याचं सुख मला हसणं वाटलं होतं आणि त्याचं दुखणंही हसणंच वाटलं होतं. नऊ मैल मी त्याला त्या खुब्यावर पळवला होता. तो माझ्यामागे धावला नाही कारण त्याला धावता येत नव्हतं. मला रडू येत होतं आणि त्याचबरोबर, सांगायला लाज वाटते, हलकंही वाटत होतं. आता माळावर काही उभं राहणार नाही, बाळ बाळासारखंच हुंकार देईल. एका शब्दातला एक काना मी गाळला होता, बस्स. घरी जाऊन शालनला सगळं सांगायचं, दोघांनी मिळून एकदा पोटभर रडायचं, आणि मग जे काय व्हायचं ते होईल, असं मी ठरवलं. मोशीचा पूल ओलांडला तेव्हा मी वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

कडी वाजवली. या वेळी तिने "कोण" विचारलं नाही. दार उघडून ती तशीच उभी राहिली, बाळ खांद्यावर, केस सकाळपासून विंचरलेले नव्हते. मी सायकल भिंतीला लावतोय तोवर म्हणाली, "काय म्हणाले? तरसच होता ना? अहो, तरसच होता ना?" माझी वाक्यं तयार होती. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मला समजलं की ही बाई माझ्यासाठी विचारत नाहीये.

"हो," मी म्हटलं. "तरसच."

ती उंबऱ्यावर बसली. बाळाच्या पाठीवर थोपटत राहिली, थोपटत राहिली, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ती हसत होती. "मी तुम्हाला सांगितलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही त्याला सोडून आलात ना, त्याच्या चौथ्या दिवशी तो आला होता. दुपारी. तुम्ही कामावर होतात. खिडकीतून पाहिलं तर बसूनच सरकत येत होता, मागचे पाय नव्हतेच जसे. नऊ मैल! कुत्र्याला कशी सापडेल हो वाट? मी कडी घातली. वर पाटा आणून दाराला लावला. तो काही भुंकला नाही, की ओरबाडलं नाही. दाराला अंग लावून बसला, मला आतून फळी दबलेली कळत होती. मी बाळाचं तोंड पदराने झाकून धरलं. तुम्ही यायच्या जरा आधी फळी सैल झाली. नंतर बाहेर बघायचा धीर झाला नाही. इतके दिवस मला वाटायचं, तो आपला पट्टूच असला तर? पाण्यासाठी आला असला तर?" तिने पदराने नाक पुसलं आणि वर माझ्याकडे पाहिलं. "मग मी उघडलं नाही ते बरंच केलं ना?"

"बरंच केलंस," मी म्हटलं.

तिने बाळ माझ्या हातात दिलं. भूक लागली असेल तुम्हाला, म्हणाली, आणि केस बांधत भात टाकायला आत गेली.